तापातलं बोलणं

६ फेब्रुवारी, गुरुवार

तनयाने ही डायरी दिली तेव्हा म्हणाली, आई, रिकाम्या वेळात काहीतरी लिहीत जा. निवृत्त शिक्षिकेला रिकामा वेळ असतो, ही समजूत खराडीतल्या काचेच्या इमारतीत बसूनच होऊ शकते. पण खरं सांगायचं तर घरात बोलायला माणूस आहे, संभाषण नाही. म्हणून लिहून पाहते.

माणूस म्हणजे आमचे हे. नाव श्याम, वय सदुसष्ट, बिबवेवाडीत कुकर आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान. हात सोन्याचे, जिभेला मात्र हाड नाही. मागच्या आठवड्यात एका बाईंनी विचारलं, कुकर कधी मिळेल. हे म्हणाले, "बिघडवायला तुम्हाला सहा वर्षं लागली, मला दोन दिवस द्याल की नाही?" बाई निमूट परत गेल्या आणि सांगितल्या दिवशी आल्या, कारण दुसरीकडे नेलेला कुकर शेवटी यांच्याचकडे येतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरीही तोच कारभार. माझ्या स्वयंपाकाला आजवर मिळालेली सर्वांत मोठी पदवी म्हणजे "खाल्ला जातोय".

रविवारी खडकीला बाळ भाऊजींकडे जेवायला गेलो होतो. भाऊजी म्हणजे यांचे थोरले भाऊ, दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. भावाभावांचं प्रेम इतकं, की एकमेकांना गाढव म्हटल्याशिवाय दोघांनाही जेवण जात नाही. त्यांच्या नव्या नातसुनेला घराण्याचा इतिहास सांगताना त्यांनी तो किस्सा परत काढला: श्यामने पद्मजाला पाहिलं आणि चक्क नकार कळवला, मग आठ महिन्यांनी उपरती झाली. सगळे हसले. मीही हसले.

नकाराचं कारण तिथे कोणी विचारलं नाही. मला ते ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनीच सांगितलं, की मुलगी सावळी म्हणून श्यामचं मन घेईना. काळी साडी नेसून, अंगावर हलव्याचे दागिने घालून मी ते ऐकलं. यांना त्याबद्दल कधी विचारलं नाही. यांनी खरं ते सांगून टाकलं असतं, आणि मला तेच नको होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज नोंद करण्यासारखं घडलं. जेवताना यांनी आमटीची वाटी संपवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "फार छान झाली आहे." मी आधी वाटीत वाकून पाहिलं. मग यांच्या तोंडाकडे. टोमण्याचा पत्ता नव्हता. आमटी नेहमीचीच होती, उलट चिंच जरा जास्त झाली होती.

सकाळपासून डोकं दुखतंय म्हणत होते. अंग कोमट लागलं. तापाची गोळी दिली, ती "थँक यू" म्हणून घेतली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

समोरच्या फ्लॅटमधली अपूर्वा संध्याकाळी मुद्दाम सांगायला आली. ती भर दुपारी दुकानावरून जात होती. दुकान उघडं होतं. आमच्या दुकानाचं शटर दुपारी पडतं ते चारपर्यंत ब्रह्मदेव आला तरी वर जात नाही. तर उघडं होतं, आणि काका एका गिऱ्हाइकाला खुर्ची देऊन पाणी विचारत होते. तिच्या मिक्सरचं काम फुकट करून दिलं. "काका किती गोड बोलले," असं ती दोनदा म्हणाली. यापूर्वी तिला हे काय म्हणाले असतील, ते तिच्या आश्चर्यावरून कळलं.

मला मनातून फार बरं वाटलं. हे घरी आले ते थकलेले दिसले. डोकं अजून धरलेलं. रबर जळल्याचा वास येतोय, असं सारखं म्हणत होते. मी सगळे स्विच पाहिले, गॅस पाहिला, काही नव्हतं. दिवसभर गॅस्केटं हाताळणाऱ्या माणसाच्या नाकात रबर बसणारच. चहा घेतला आणि थोड्या वेळाने, चहा होईल का, असं अगदी नम्रपणे विचारलं. मी दिला परत. एवढ्या गोडीने विचारल्यावर नाही कोण म्हणेल?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

ताप वाढला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तपासलं, साथ आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासू असं सांगितलं. सध्या गावात हातपाय लुळे पाडणाऱ्या जीबीएसची भीती आहे, त्यामुळे पाणी उकळून पिता ना, हे डॉक्टरांनीही विचारलं आणि खाली वॉचमननेही.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

दुपारी कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. हे डोळे मिटून पडले होते. एकाएकी म्हणाले, "तुझा रंग मला आवडला होता. पहिल्याच दिवशी." मग बोलतच राहिले. नकार रंगामुळे नव्हता, रंगाचं आईने मागाहून जोडलं. पाहायला आलो तेव्हा मामा म्हणाला, तुळस चोवीस तास प्राणवायू देते, आणि तू पोह्यांची बशी हातात धरून म्हणालीस, रात्री नाही देत. मामा खाली बघायला लागला. तू एम.एस्सी., मी बी.कॉम.ला दोनदा आपटलेला. मला वाटलं ही रोज माझ्या चुका दाखवणार, आणि त्या बरोबर असणार. म्हणून नाही म्हटलं. मग तू एकदा शुक्रवार पेठेतल्या माझ्या तेव्हाच्या दुकानात कुकर घेऊन आलीस, दुकान कोणाचं ते तुला माहीत नव्हतं. मी झाकण उलटं बसवत होतो, ते तू दाखवलंस. आणि मला राग आला नाही. तेव्हा ठरवलं.

एवढं बोलून झोपले. मी तिथेच बसून राहिले. पट्टी वाळून गेली तरी उठले नाही.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्याकडे ती जिवंतपणी गेली. देव पावला म्हणायचा. संध्याकाळी गोड शिरा केला, पण यांनी दोनच घास खाल्ले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहिते आहे. पिशवीत स्वेटर शोधताना डायरी हाती आली.

काल सकाळी बाळ भाऊजींचा फोन आला, तो यांनी घेतला. थोडं बोलून माझ्याकडे दिला. भाऊजींचा आवाज वेगळाच होता. "पद्मजा, याने मला 'आपली तब्येत कशी आहे' असं विचारलं. आपली. याला आत्ताच्या आत्ता मोठ्या डॉक्टरकडे ने." मी म्हटलं, भाऊजी, ताप आहे म्हणून जरा नरमले आहेत. ते म्हणाले, "याचा ताप मी पाहिलाय. टायफॉइडमध्ये शुद्ध नव्हती तरी हा मला गाढव म्हणत होता. हा आमचा श्याम नाही."

मला राग आला. माणूस चार दिवस चांगलं वागला तर भावालासुद्धा बघवत नाही, असं मनात आलं. फोन ठेवून आत गेले, तर हे आरशासमोर कंगवा हातात धरून उभे. तो उलटसुलट करून पाहत होते. मला म्हणाले, "हे कशाचं पाणी आहे?" मी म्हटलं कंगवा आहे. "हो, पाणी," असं म्हणाले आणि अगदी प्रेमाने हसले. मी तशीच समोर जाऊन अपूर्वाची बेल वाजवली.

अपूर्वाने गाडी काढली. रुग्णालयाच्या दारातच यांच्या तोंडाची उजवी बाजू उडायला लागली, मग हात, मग सगळं अंग. आतल्या लोकांनी झटपट हातात घेतलं. आता अतिदक्षता विभागात आहेत. तनया आणि केयूर आले आहेत. जावईबापू तीन वेळा चहा आणून देतात आणि मी तीन वेळा तो गार करते.

१६ फेब्रुवारी, रविवार

डॉक्टर शेफाली म्हणून मेंदूच्या डॉक्टर आहेत. वयाने तनयाएवढ्या. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या आणि कागदावर चित्र काढून सांगितलं. मेंदूला सूज आली आहे. मेंदूज्वर. बहुधा विषाणूमुळे. तापात ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात ना, त्याच जातीचा विषाणू. तो बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून गुपचूप असतो, आणि लाखांत एखाद्याच्या मेंदूत शिरतो. का शिरतो ते नीट कळलेलं नाही. कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो तिथे तो बसतो, आणि तिथेच वास, आठवणी, शब्द आणि स्वभावाचा बराचसा कारभार असतो. एमआरआयमध्ये तिथेच पांढरं दिसतंय. पाठीतलं पाणी तपासायला पाठवलंय, पण निकालाची वाट न पाहता शुक्रवारी आल्या आल्याच शिरेतून औषध सुरू केलं. या आजारात वाट पाहणं महागात पडतं. औषध नव्हतं तेव्हा दहातले सातजण जात. आता तसं नाही, पण किती लवकर आणलं त्यावर पुष्कळ अवलंबून.

मग त्यांनी विचारलं, वागण्यात बदल कधीपासून होता? मी सांगितलं, मंगळवारपासून. काय बदल होता? मी म्हटलं, चांगले वागत होते.

त्या हसल्या नाहीत. लिहून घेतलं फक्त.

नववीला हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला. फळ्यावर मेंदू काढायचे, रंगीत खडूने भाग दाखवायचे. रबराचा वास, दोनदा मागितलेला चहा, सगळं डोळ्यांसमोर होतं आणि मी शिरा करत बसले होते. दुसऱ्या कोणाच्या घरी नवरा गोड बोलला असता तर कोणाला शंका आली नसती. आमच्या घरी यायला हवी होती, आणि ती मला सोडून खडकीला आली.

निघताना मी डॉक्टरांना विचारलं, या आजारात माणूस जे बोलतो ते खरं धरायचं का? त्यांना वाटलं हे मला काही वाईटसाईट बोलले असतील. माझा हात धरून म्हणाल्या, "कन्फ्यूजन असतं काकू. त्यातलं काहीच मनावर घेऊ नका."

बरं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पाण्याचा निकाल आला. डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला. तीन आठवडे तेच औषध, दिवसातून तीनदा, सलाइनमधून. मूत्रपिंडाला त्रास होऊ नये म्हणून सारखं पाणी आणि रक्ताच्या तपासण्या. ताप उतरला आहे. झोपेतच असतात.

कपडे आणायला घरी गेले होते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तेवढ्यात धुराचा फवारा करून घेतला होता, आणि आमच्या मजल्यावर दोनदा. लिफ्टमध्ये माझ्याबरोबर कोणी शिरलं नाही. हा मेंदूज्वर डासांनी येणारा नाही आणि शेजारी बसून लागणाराही नाही, हे मी जिन्यात उभं राहून तीन जणांना सांगितलं. माना हलवल्या आणि लांबूनच हलवल्या. अपूर्वा मात्र डबा घेऊन आत आली, सोफ्यावर बसली आणि माझ्याबरोबर जेवली. आमटी तिने केली होती. मी तिला फार छान झाली आहे असं म्हटलं आणि मग मला रडू आलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "पद्मजा," म्हणाले. नाव बरोबर. मग आजूबाजूला पाहून विचारलं, "कोण आजारी आहे?" मी सांगितलं, तुम्ही. असं का, म्हणाले. नर्सने सलाइन बदललं तेवढ्यात परत विचारलं, कोण आजारी आहे. दुपारभर तेच. प्रत्येक वेळी मी नव्याने सांगितलं आणि प्रत्येक वेळी त्यांना नव्याने वाईट वाटलं. शेवटी मी म्हटलं, शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ. मग शांत झोपले.

गेला आठवडा मनात दोनच गोष्टी होत्या. हे जगावेत. आणि ते गुरुवारचं बोलणं आजाराचं नसावं. दुसरी गोष्ट पहिलीच्या शेजारी लिहायला लाज वाटते, पण होती.

४ मार्च, मंगळवार

तनयाशी थोडी वादावादी झाली. आमच्या नातीच्या, ओवीच्या शाळेत महापालिका जपानी मेंदूज्वराची लस देणार आहे, पंधरा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना. संमतीपत्रक आलंय आणि तनयाच्या आयांच्या ग्रुपवर उलटसुलट मजकूर फिरतोय. ती म्हणाली, आई, इतकी घाई कशाला, बघू. मी म्हटलं, तुझ्या बाबांना झाला त्या मेंदूज्वराला लस नाही. असती तर मी रांगेत पहिली उभी राहिले असते. या दुसऱ्याला आहे. तो डासांनी येतो, त्याला आपल्या औषधासारखं औषध नाही, आणि लहान मुलांना तो जास्त धरतो. ज्याला कुंपण घालता येतं त्याला तरी घाल.

तिने बाबांकडे पाहिलं. ते तिला ओळखत होते, पण ओवीला पहिलीत समजत होते. ओवी तिसरीत आहे. तनयाने तिथेच बसून सही केली. मी केलेल्या भाषणापेक्षा त्या पहिलीचाच उपयोग जास्त झाला असावा.

८ मार्च, शनिवार

घरी आलो. औषध पूर्ण झालं. फिट येऊ नये म्हणून गोळ्या चालू राहतील.

डॉक्टर शेफालींनी निरोप देताना नीट समजावलं. जुन्या आठवणी बहुतेक शाबूत आहेत, बालपण, लग्न, दुकान, सगळं. गेल्या दोनेक वर्षांतलं पुसट झालंय. आणि नवीन काही टिकत नाही, ही खरी अडचण. अर्ध्या तासापूर्वीचं गेलेलं असतं. सुधारेल का? सुधारू शकतं, सहा महिने, वर्ष, कोणाचं पूर्ण, कोणाचं अर्धं, आत्ता सांगता येत नाही. रोजचा क्रम एक ठेवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, आणि "आठवतं का" असं विचारून परीक्षा घेऊ नका.

आता हे गोडही बोलत नाहीत आणि तिखटही नाही. विचारलं तर उत्तर देतात. जेवण झाल्यावर ताट बाजूला सारतात. मी स्वतःला सांगते की बोलतात, चालतात, ओळखतात, आंधळा मागतो एक डोळा. तरी परवा मी मुद्दाम भाजी खारट केली. खाल्ली.

१७ मार्च, सोमवार

आज मी विचारलं. आठवतं का, असं विचारलं नाही. डॉक्टरांचा शब्द मोडला नाही अशी मनाची समजूत घालून नुसतं म्हटलं, अहो, मला पाहायला आलात तेव्हा नकार का दिला होतात?

हे गॅलरीत बसले होते. रस्त्याकडे पाहत म्हणाले, "तू हुशार होतीस."

मी विचारलं, आणि रंग? म्हणाले, "रंगाचं काय?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

ताप नाही. सूज उतरली आहे. आणि तापात सांगितलेलं हे विसरून गेले आहेत, एकही शब्द नाही. म्हणजे हे उत्तर कशावरून तरी पाठ केलेलं नव्हतं. मी आत येऊन कणीक मळली. वीसजणांना पुरेल एवढी मळली गेली.

२० मार्च, गुरुवार

परत विचारलं. एका उत्तरावर निष्कर्ष काढू नये, हे मी मुलांना प्रयोगशाळेत सांगत असे. आज म्हणाले, "मामाला तू खाली बघायला लावलंस. पुढचा नंबर माझा होता." तुळस मी सुचवली नव्हती. त्यांचे तेच तुळशीवर आले.

२५ मार्च, मंगळवार

आजही. "घाबरलो," म्हणाले. मग, "तू कुकर आणलास ना दुकानात, तेव्हा निळी साडी होती." साडी निळी नव्हती, जांभळी होती. मी चूक दाखवली नाही.

हे बरोबर नाही हे मला समजतं. ज्या माणसाचं कालचं आज राहत नाही, त्याच्याकडून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा काढून घेते आहे. चोरी तर नव्हे? पण त्यांना त्रास होत नाही. माझी खात्री व्हायला हवी एवढंच. एकदा पूर्ण खात्री झाली की थांबेन.

३० मार्च, रविवार, पाडवा

गुढी यांनीच उभारली. कुठल्या खिळ्याला बांधायची ते मला विचारलं, गेली कित्येक वर्षं तोच खिळा आहे. भाऊजी आले होते. भावाशेजारी बराच वेळ बसले आणि त्याला चांगलं दोन-तीनदा गाढव म्हणून पाहिलं. हे नुसते हसले. भाऊजी गच्चीत जाऊन डोळे पुसून आले आणि ऊन फार लागतं म्हणाले.

मी त्यांना म्हटलं, भाऊजी, तुम्ही त्या दिवशी फोन केला नसता तर. ते म्हणाले, "मी त्याचं बोलणं साठ वर्षं खाल्लंय. पदार्थ बदलला की कळतो."

जाताना दारात मी त्यांना विचारलं, श्यामने नकार दिला तेव्हा काय कारण सांगितलं होतं? त्यांनी डोकं खाजवलं. "कारण कुठलं सांगतोय? नाही म्हणाला आणि खोलीत जाऊन बसला. बाकी सगळं आईचं."

४ एप्रिल, शुक्रवार

हात विसरलेले नाहीत. अपूर्वाचा मिक्सर आणून दिला तर सगळा उघडून नीट लावला. झाल्यावर बाजूला ठेवला, थोड्या वेळाने तोच दिसला आणि बिघडलाय का पाहायला परत उघडला. दिवसभरात तो मिक्सर तीनदा दुरुस्त झाला. अपूर्वाला इतका खणखणीत मिक्सर अख्ख्या पुण्यात मिळणार नाही.

ओवी येऊन गेली. तिला लस देऊन झाली आहे, दंड दाखवत होती. आजोबांनी टोचल्याची जागा पाहिली आणि विचारलं, कोणी चावलं?

११ एप्रिल, शुक्रवार

तपासणीला गेलो. यांच्याशी डॉक्टर शेफाली बोलत होत्या. चित्रं दाखवत होत्या. तीन शब्द सांगितले, घड्याळ, आंबा, चावी. मध्ये दुसऱ्या गप्पा मारल्या आणि मग शब्द विचारले. एक आला. आंबा. मागच्या वेळी एकही नव्हता, म्हणून त्या खूष झाल्या. मीही झाले, आंबा म्हणजे आंबा.

हे बाहेर बसले तेव्हा मी डॉक्टरांना माझा उद्योग सांगून टाकला. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, उत्तर एकच येतं का? मी म्हटलं, शब्द वेगळे, उत्तर तेच. म्हणाल्या, "काकू, जुनं त्यांचं सगळं आहे. खोटं रचून ते इतक्या वेळा सारखंच सांगणं त्यांना आत्ता जमणारच नाही. तुमची खात्री व्हायला हवी." मग विचारलं, "किती वेळा विचारलंत?"

मी मोजलं नाही, असं सांगितलं. खरं म्हणजे रोज विचारते आहे.

२१ एप्रिल, सोमवार

काल दिवसभर विचारलं नाही. शनिवारी विचारलं तेव्हा मी मेथी निवडत होते आणि यांनी उत्तर देऊन वर माझ्या हातातली एक जुडी निवडायला घेतली. त्यानंतर वाटलं पुरे. ज्याच्यासाठी आयुष्यभर थांबले, ते पोटभर ऐकून झालं. आता उगाच हाव नको.

पण आज दुपारी यांनी कुकरची शिटी खोलून साफ करायला घेतली होती, उन्हाची तिरीप गॅलरीत आली होती, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, अहो, एक विचारू? मला पाहायला आलात तेव्हा नकार का दिला होतात?

यांनी शिटी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घालून, खूप लांबचं काही वाचत असल्यासारखं.

"परवाच विचारलंस ना हे?" म्हणाले. "तू मेथी निवडत होतीस."

मी मान हलवली.

"उत्तर तेच आहे. वेगळं हवं असेल तर दुसरा नवरा बघ." आणि शिटी उचलून परत घासायला लागले.

मी आत आले. तनयाला फोन लावला. ती हॅलो हॅलो करत राहिली आणि मला शब्द फुटेना, तिला वाटलं बाबांचं काही झालं. केयूरला घेऊन निघाली आहे. येईपर्यंत सांगायला जमेल.

यांना शनिवारचं आठवतंय. मेथी आठवतेय. उद्या डॉक्टरांना फोन करायचा आहे, भाऊजींना तर आत्ताच करते.

आता हा प्रश्न यांना परत विचारता येणार नाही. चालेल.